निळ्या काठाची ताटली

मंगळवार, १४ मे

आज दुपारी ताटली माझ्या हातातून सुटली आणि सगळं बदललं. सुटली नाही. फेकली. निदान इथे तरी खरं लिहू.

मी मक्याच्या कोठीच्या शिडीवर होतो. हातात आईची निळ्या काठाची ताटली. तिच्यात शेंगदाण्याचं कूट, चुरलेली सुकी मासळी आणि वर ते निळे दाणे. उंदरांनी नवा मका पोखरून पार भुसा केलाय. आई आठवडाभर मागे लागली होती — "दीड वर्ष शेतकी कॉलेजात काढलंस, एक उंदीर तरी मारून दाखव!" म्हणून काल बसथांब्यावर त्या भोंगेवाल्याकडून पुडी घेतली. सायकलीला भोंगा बांधून ओरडत असतो तो — "आज खाईल, चौथ्या दिवशी जाईल! घरात नाही, रानात मरेल!" नुसती प्लास्टिकची पुरचुंडी, वर ना नाव ना गाव.

तेवढ्यात शेराच्या झुडपांच्या कुंपणापलीकडून शुंबाचा आवाज. माझ्या सेकेसाईचा बाप. सिंहाच्या कुळाचा, म्हणून सगळे त्याला शुंबा म्हणतात, आणि बोलतोही तसाच — दोन गावांना ऐकू जाईल असा. सोबत कुणी पाहुणा होता. "ओबर्टला सांगा, रविवारी मागणी घालायला मध्यस्थ पाठव म्हणावं. पोरीचं मी बघतो." आणि मग मुद्दाम आमच्या घराकडे तोंड करून, "मुचानेता! चल गं, मुचानेता!"

मुचानेता. म्हणजे दमाल तुम्हीच! कुत्रीचं नाव आहे हे! आमच्याकडे कुत्र्याचं नाव कुत्र्यासाठी नसतंच, शेजाऱ्यासाठी असतं. तीन वर्षांपूर्वी आईच्या तीन कोंबड्या चोरीला गेल्या, तेव्हा आई हापशावर सगळ्यांदेखत म्हणाली, "हल्ली सिंहसुद्धा कोंबड्यांवर भागवतात." आठवड्यात शुंबाने पिल्लू आणलं आणि हे नाव ठेवलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी आमच्याकडे बघून हाक. आईनेही मग कोंबड्याचं नाव ठेवलं 'ऐकलं'. शुंबाने हाक मारली की ती इकडून ओरडते, "ऐकलं! ए ऐकलं!" गाव पोट धरून हसतं. मला मात्र हसू येत नाही. त्या दोन हाकांच्या मधोमध मी आणि सेकेसाई.

ओबर्ट! फळांचा ट्रक चालवतो. मुतारे शहरात त्याचं विटांचं घर आहे. आणि मी? मी शिडीवर, हातात उंदरांचं जेवण.

डोकंच फिरलं. हातात होतं ते भिरकावलं. ताटली कुंपणावरून गरगरत गेली आणि पलीकडे शेराच्या बुंध्याशी पडली, सुलटी, निम्मं कूट तिच्यातच. शुंबा पाहुण्याला सोडायला रस्त्याकडे वळला होता. कुत्री थांबली. वास घेतला.

मी 'हाड' म्हणू शकलो असतो. एवढंच. नाही म्हणालो. तिने ताटली चाटून लख्ख केली, शेपूट हलवत. मी बघत राहिलो. पहिल्या क्षणी बरं वाटलं — हेही लिहितो.

मंगळवार, दिवस मावळताना

बोंब झाली. कुत्रीच्या तोंडाला निळी लाळ. सेकेसाईच्या आईने पाहिली. "विष! कुणीतरी विष घातलं!"

पाच मिनिटांत अर्धी वस्ती त्यांच्या अंगणात. प्रत्येकाकडे एक औषध. रेवाई आजी म्हणे दूध, दुधासारखं काही नाही, विष दुधात विरघळतं. कुणी म्हणे कच्ची अंडी. कुणी म्हणे तेल. कुणी चुलीतला कोळसा कुटून आणला. एकाने तर मिठाचं पाणी तयारच ठेवलं होतं. शुंबाने जबडा धरला आणि सगळंच ओतलं, एकामागून एक. मी कुंपणाशी उभा. मला हाक मारली तीसुद्धा रेवाई आजीनेच — "ए डॉक्टर! तिथे काय खांबासारखा उभा? तुझं कॉलेज काय म्हणतं?"

"दूध," मी म्हणालो. मेल्यासारखा आवाज. "दूधच."

सगळे हसले. "बघा! दीड वर्षाने आजीच्याच उत्तरावर आलं पोरगं."

आणि आई — माझी आई! — संध्याकाळचं सगळं दूध तांब्यात घेऊन कुंपणाच्या फटीतून आत गेली. तीन वर्षांत पहिल्यांदा. शुंबाने तांब्या घेतला. "तोंगाईची आई," म्हणाला, माझं नाव घेऊन, "आभार." आईने मान हलवली. मला तिथेच मरावंसं वाटलं.

अंधार पडायच्या आत कुत्री उठली, अंग झाडलं, वाडगाभर साद्झा, मक्याच्या पिठाची घट्ट उकड, खाल्ला. टाळ्या! दूध जिंकलं. रेवाई आजी तर नाचलीच.

मी गर्दीतून शेराच्या बुंध्याशी जाऊन आलो. ताटली तिथे नव्हती.

मंगळवार, झोपण्याआधी

ही वही कॉलेजचीच. पुढची पानं जनावरांच्या रोगांची, मागची माझी. आज पुढची चाळली. शेवटचं लिहिलेलं पान. मथळा — 'विषबाधा'. खाली एकच ओळ: 'पहिला प्रश्न, काय खाल्लं? पुडी शोधा. पुडी जनावरासोबत आणा.'

पुढे कोरं. त्या दिवशी याच तासाला मागच्या बाकावरच्याने सेकेसाईचा फोटो माझ्या वहीतून ओढला आणि काहीतरी बोलला. मी त्याचं नाक फोडलं. सरांनी बाहेर जा म्हटलं. मी बाहेर गेलो तो घरीच आलो. कुणी काढलं नव्हतं मला. माझ्याच पायांनी आलो. आठवड्याने माफी मागितली असती तर घेतलंही असतं परत.

एक ओळ लिहून उठलो. खाली अजून किती ओळी होत्या कुणास ठाऊक.

आई आतून विचारते, "माझी निळ्या काठाची ताटली पाहिलीस? सहाच्या पाच झाल्या."

"नाही," म्हणालो.

उरलेली पुडी छपराच्या गवतात खोचून ठेवलीय.

बुधवार, १५ मे

कुत्री ठणठणीत. सकाळी 'ऐकलं'च्या मागे धावली. काही झालेलं नाही. काही होणार नाही. दूध!

गुरुवार, १६ मे

हापशावर सेकेसाई भेटली. एकटी. मी मुद्दाम त्याच वेळेला गेलो होतो, ती काय समजायची ते समजली.

"दांडा मार," म्हणाली, "कॉलेजचे हात गंजतील नाहीतर."

मी हापसत राहिलो. डोक्याला तोच पिवळा रुमाल. त्याचा एक कोपरा माझ्याकडे आहे, नाताळात फाडून दिला होता तिने. मी तिला कोटाचं पितळी बटण दिलं होतं. आमच्याकडे नुसत्या शब्दाला किंमत नाही, वस्तू लागते. वस्तू परत आली की संपलं.

"रविवारी येतायत म्हणे," मी म्हणालो.

"येतायत."

"आणि तू?"

"मी काय? मी आत बसून भांडी घासणार. मला कोण विचारतंय. विचारणारा कुंपणापलीकडे उभा राहून शेर मोजतो." मग जरा थांबून, "तुला काही सांगायचंय का मला?"

"काय सांगायचंय?"

"काही असेल तर."

"नाही. काही नाही. कुत्री कशी आहे?"

तिने माझ्याकडे पाहिलं. बादली भरून वाहायला लागली तरी बघत होती. मग म्हणाली, "बरी आहे. काल तिच्या कानातली गोचीड काढली. एवढीशी. रक्त थांबेचना. सकाळपर्यंत टिपकत होतं. बाबा म्हणतात उष्णता असेल."

मे महिन्यात? आमच्याकडे मे म्हणजे थंडीचं तोंड, उष्णता कुठली?

"तिला धावू देऊ नका," माझ्या तोंडून गेलं. का, ते मलाही सांगता आलं नसतं.

"का रे?"

"असंच."

"असंच," ती म्हणाली. बादली डोक्यावर घेऊन गेली. मागे वळली नाही.

दुपारी डोंगराकडून बबून माकडं उतरली, शुंबाच्या मक्यावर. शुंबाने कुत्रीला सोडलं. का नाही सोडणार? दुधाने बरी झालेली कुत्री! मी शिडीवरून पाहिलं. बाणासारखी गेली. हुप्प्याशी भिडली. परत आली ती चालत. जीभ पांढरी.

मला ओरडायचं होतं. शिडीवरच राहिलो. मंगळवारी 'हाड' म्हणालो नाही, आजही नाही.

शुक्रवार, १७ मे

आज गोचिडांच्या औषधात गुरं बुडवायचा दिवस. आमची चार हौदावर नेली. मसेंडेके साहेब कठड्यावर बसून मोजत होते, तोंडात काडी. हा एकच सरकारी माणूस जनावरांचा, सतरा गावांना मिळून.

गुरं पलीकडे निघाली तेव्हा मी शेजारी जाऊन उभा राहिलो. "साहेब, समजा, एखाद्या कुत्र्याने उंदरांचं विष खाल्लं—"

"समजा कशाला? शुंबाच्या कुत्रीने खाल्लं. दुधाने बरी झाली. सगळीकडे झालंय." थुंकले. "दुधाने! दुधाने काय होतं? पोट भरतं."

"पण ती उठली की."

"उठणारच. पडली कधी होती? अरे, विषं दोन जातींची विकतात आपल्याकडे. एक काळे दाणे. ते खाल्लं की जनावर तुझ्या डोळ्यांदेखत तडफडतं, त्याला फक्त सुई, तीही तासाभरात. दुसरं निळं किंवा हिरवं. ते खाल्लं की काहीच होत नाही. पहिला दिवस काही नाही, दुसरा काही नाही. लोक म्हणतात, दूध लागू पडलं, अंडं लागू पडलं, आजीचा मंत्र लागू पडला. आणि आतमध्ये रक्त पातळ होत जातं, गोठायचंच विसरतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी जिथून मिळेल तिथून बाहेर येतं. नाकातून, हिरडीतून, पोटात."

आज खाईल, चौथ्या दिवशी जाईल! भोंगेवाला तर ओरडूनच सांगत होता. आम्ही हसत होतो त्याला.

"मग करायचं काय?" मी.

"करायचं ते पहिल्या दोन तासांत. जनावर उचलायचं आणि डॉक्टरकडे न्यायचं, पुडीसकट. डॉक्टर सुईने ओकवतो, विष रक्तात जायच्या आत. दोन तास गेले तरी वाट बघत बसायचं नाही. रक्त गोठवणाऱ्या गोळ्या असतात, व्हिटॅमिन के. आपल्या दवाखान्यात बाळ जन्मलं की नर्स मांडीत एक सुई मारते ना? तेच. कुत्र्याला महिनाभर, रोज. पहिल्या दिवशी सुरू केलं तर कुत्रं रक्ताचा थेंब न सांडता म्हातारं होऊन मरतं."

"मग शुंबाला सांगा ना!"

"काय सांगू? लाळ निळी होती म्हणे, पण निळ्यातही प्रकार. चिकट की कोरडं? पुडी कुठाय? चुकीचं औषध म्हणजे वेळ गेला. त्या भोंगेवाल्याकडे पाच रंग असतात." मग पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. काडी तोंडातून काढली. "ज्याने ते विष ठेवलं, त्याला माझ्याकडे आण. मारायला नाही. विचारायला."

मी म्हणालो, "बघतो कुणी ठेवलं ते."

"बघ," ते म्हणाले. "पण आजच बघ."

गुरं आईच्या हवाली केली. गवतातून पुडी काढली. सरळ शुंबाच्या फाटकाकडे गेलो. खरंच गेलो! फाटकाला हात लावला. आतून आवाज — शुंबा, त्याचा भाऊ, रविवारची तयारी, कुठली चटई अंथरायची, मध्यस्थाला बसवायचं कुठे. आणि आंब्याखाली कुत्री. मान जमिनीवर. सेकेसाई तिच्याशेजारी बसून पिवळ्या रुमालाने तिचं नाक पुसत होती. रुमाल लाल.

मी आत गेलो असतो तर? तर रविवार ओबर्टचा. नक्की. कायमचा. जावई म्हणून विष घालणारा कोण घेईल? आणि ती! ती माझं तोंड तरी पाहील?

मी परत फिरलो. पुडी हातात घट्ट. परत फिरलो!

आईने दारात धरलं. हातातली पुडी पाहिली, मग माझं तोंड. तिला सगळं कळलं, एकही प्रश्न न विचारता. खाली बसली.

"ताटली," म्हणाली. "आणि मी दूध घेऊन गेले. माझ्या हाताने." मग, "पाच माणसांत बसवतील तुला गावप्रमुखासमोर. शेळी मागतील, बकरा मागतील. बाप तिकडे खाणीत कामाला, इथे मी एकटी. गप्प बसशील तर कुणाला कळणार नाही."

"गप्प बसू?"

ती उठली. मग चुलीकडे वळून म्हणाली, "मी आई आहे रे. मला नको विचारू."

शनिवार, १८ मे

पहाटेची बस पकडली. मुतारे. कॉलेजचे बूट बसथांब्यावर विकले, बाकी विकण्यासारखं काही नव्हतं. अनवाणी जनावरांच्या दवाखान्यात.

डॉक्टरीणबाई. ताई म्हणावं अशा वयाची. पुडी टेबलावर ठेवली. तिने दाणे बोटांनी फोडले, वास न घेता बाजूला केले. "वजन?" अंदाजाने सांगितलं. "कधी खाल्लं?"

"मंगळवारी."

तिने लिहायचं थांबवलं. "आज शनिवार आहे."

"हो."

"पुडी तुझ्याकडेच होती?"

"हो."

"घरी काय दिलं?"

"दूध. अंडी, तेल, कोळसा. मिठाचं पाणी."

"मीठ!" कपाळावर हात मारला. "मिठानेच नाही मेली हे नशीब समजा. किती माणसं मीठ पाजून धडधाकट कुत्री मारतात." मग आवाज उतरला. "इथे आणली असती तर दुसऱ्या कुत्र्याचं रक्त चढवून बघितलं असतं. बसमध्ये घेतील?"

"नाही घेत."

"मग या गोळ्या. आताच्या आता पहिली. तेलकट खाण्यातून द्या. आता तेल चालेल, आता लागतंच. बांधून ठेवा, धावू नको, उडी नको. पण गोळी लागू पडायला वेळ लागतो. आणि तुम्ही—" गोळ्या मोजून दिल्या. दाराशी मी असताना म्हणाली, "मंगळवारी नुसता फोन केला असतास तरी चाललं असतं."

चारच्या बसने परत. फाटक उघडलं. आत गेलो. शुंबा आंब्याखाली कुत्रीजवळ बसला होता, उकिडवा. एवढा मोठा माणूस एवढासा दिसत होता. मी पुडी आणि गोळ्या दोन्ही त्याच्यासमोर ठेवल्या. गुडघे टेकून बसलो, मोठ्यांसमोर बसतात तसा.

"शुंबा, विष माझं. उंदरांसाठी होतं. रागात ताटली फेकली. तिने खाल्लं, मी बघितलं."

"कधी?"

"मंगळवारी."

शुंबा पुडीकडे बघत राहिला. मला वाटलं, आता उचलेल आणि आपटेल. भाऊ काठी घेऊन उठलाही. शुंबाने नुसता हात वर केला.

"नंतर," म्हणाला. "आधी गोळी. कशी द्यायची?"

मी सांगितलं. त्याने चरबीदार मटणाच्या तुकड्यात घालून स्वतःच्या हाताने भरवली. तिने गिळली. त्याच्या बोटांना रक्त लागलं, हिरडीचं. त्याने ते पँटला पुसलं नाही, तसंच ठेवलं.

सेकेसाई स्वयंपाकघराच्या दारात. मला वाटलं किंचाळेल, थुंकेल. तिला आश्चर्यसुद्धा वाटलं नाही. "आलास?" म्हणाली. एवढंच. आणि आत गेली.

घरी येऊन वहीचं ते पान काढलं. 'विषबाधा'खालची कोरी जागा भरली. पहिल्या दोन तासांचं, पुडीचं, दोन रंगांचं, दूध-मीठ पाजायचं नाही, बरं दिसलं म्हणून बसायचं नाही, पळू द्यायचं नाही, महिनाभर गोळी. आणि ज्याने विष ठेवलं त्याने बोलायचं. लगेच. हे कॉलेजात शिकवलं असतं की नाही, माहीत नाही.

रविवार, १९ मे

मध्यस्थ आला. चटई अंथरली, टाळ्या वाजवून नमस्कार झाले, सगळं ऐकू आलं. पुढची तारीख ठरली. मधेच बोलणी थांबली — शुंबा गोळी द्यायला उठला होता. पाहुण्यांना म्हणाला म्हणे, "बसा. घरात आजारी माणूस आहे."

सकाळी कुत्री थोडं पाणी प्यायली होती. संध्याकाळी नाही.

सोमवार, २० मे

गेली. पहाटे. पोट फुगलं होतं, आत सगळं रक्त. मसेंडेके साहेब आले, पाहिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला. गावप्रमुखासमोर मी स्वतःच उभा राहिलो. बकरा ठरला. शुंबा म्हणाला, "नको मला बकरा. तो भोंगेवाला आला की त्याला सांगा, पुडीवर नाव लिहीत जा म्हणावं." कुणी हसलं नाही. रेवाई आजी कोपऱ्यात तोंडाला डोक्याचा रुमाल लावून बसली होती. "मी तर दूध सांगितलं," पुटपुटत होती, "मी तर दूधच सांगितलं." तिला कोण सांगणार? मीही दूधच म्हणालो होतो. काय खाल्लं ते माहीत असून.

पुरायला शुंबाने मला बोलावलं नाही, हाकललंही नाही. मी खड्डा खणला. तो बघत उभा राहिला.

संध्याकाळी, नेहमीच्या वेळेला, कुंपणापलीकडून हाक आली. "मुचानेता!" सवयीने. एकदाच. अर्ध्यावर तुटलेली.

आईचा साद्झा ढवळता हात थांबला. 'ऐकलं' अंगणात होता. तिने त्याला हाक मारली नाही.

मंगळवार, २१ मे, पहाट

दार उघडलं तर उंबऱ्यावर निळ्या काठाची ताटली. राखेने घासून लख्ख केलेली. मधोमध पितळी बटण.

गेल्या मंगळवारपासून सेकेसाईकडेच होती. शेराच्या बुंध्याशी तिनेच पहिल्यांदा पाहिली आणि कमरेच्या कापडाखाली घेतली. बापाला दाखवली असती तर कुत्री जगली असती. नाही दाखवली. हापशावर विचारलं, 'तुला काही सांगायचंय का?' आणि मी म्हणालो, काही नाही.

ताटली आईच्या फळीवर ठेवली, पाचांच्या शेजारी. बटण आणि रुमालाचा कोपरा खिशात. 'विषबाधा'चं पान फाडून घेतलंय, ते हौदाच्या भिंतीवर लावणार, मग पहाटेची बस. वही इथेच राहील. आई अजून झोपलीय. दार हळूच लावून घेतो.